मुकी जत्रा

लिंडरबेकची जत्रा ऑगस्टच्या अखेरीस भरते, आणि ते चार दिवस गावात कुणाला काही काम सांगायची सोय नसते. शहरात गेलेली मुलं घरी येतात, सुना-जावई येतात, बटाट्याच्या सॅलडची पातेली फ्रिजमध्ये मावेनाशी होतात, आणि चर्चसमोरच्या मैदानावर पाळणे, नेमबाजीची दुकानं आणि टकरीच्या गाड्या उभ्या राहतात. नेदरलँड्सच्या या ब्राबांट भागातला माणूस हल्ली रविवारी चर्चला जातोच असं नाही, पण जत्रा चुकवली तर शेजारी तब्येतीची चौकशी करायला येतात.

फेर्ले याच गावात जन्मली, वाढली, आणि तिला जत्रा उभ्या आयुष्यात कधी सोसली नाही. लहानपणी आईचा हात सोडवून ती चर्चच्या मागच्या भिंतीशी पळायची आणि कानांत बोटं खुपसून बसायची. आई तिला ओढत परत आणायची आणि शेजारणींना सांगायची, "आवडते हो तिला जत्रा, जरा लाजते एवढंच." शाळेतल्या बाई म्हणायच्या, लाडावलेली आहे. गावाने ती विचित्र आहे असं ठरवून टाकलं आणि विचित्र म्हणून सांभाळूनही घेतलं. मोठी झाल्यावर ती रोपवाटिकेत लागली. गुलाबांवर डोळे भरायचं, म्हणजे कलमं बांधायचं काम. त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि मुख्य म्हणजे तिथे कुणी गप्पा मारत नसे.

पस्तिशी उलटल्यावर एका डॉक्टरबाईंनी तिला सांगितलं, की तुम्हाला ऑटिझम आहे. फेर्ले घरी येऊन आधी रडली. मग तिला आईचा, बाईंचा, सगळ्या गावाचा असा काही राग आला की तो अजून संपलेला नाही. पण फेर्लेचा राग कामसू होता. तिने त्याला कामाला जुंपलं. आपल्यासारख्यांची बाजू मांडायला ती नगरपालिकेत जाऊ लागली, शाळांत जाऊ लागली, आणि अपंग माणसांच्या निवासात जाऊन तिथल्या कर्मचाऱ्यांचे वर्ग घेऊ लागली. चार माणसांसमोर बोलणं तिला नको वाटायचं, तरी ती बोलायची. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता खिडकीकडे बघायची, त्यामुळे लोकही खिडकीकडे बघत ऐकायचे.

"हात चावणारा माणूस वेडेपणा करत नसतो," ती सांगायची. "तो सांगत असतो, मला हे सोसत नाही. मग आवाज कमी करा, दिवे कमी करा आणि मागे सरा. एवढंच करा. फार शहाणपण करू नका."

आणि हे खरं होतं. गावाबाहेरच्या 'लिंडेनहोफ' निवासात एक लोटे नावाची बाई ताटाला हात लावत नसे. फेर्लेने जेवणघरातल्या खुर्च्यांच्या पायांना लोकरीचा मऊ नमदा लावायला सांगितला, खुर्च्यांची खरखर थांबली, आणि लोटे जेवायला लागली. तेव्हापासून लिंडेनहोफमध्ये फेर्लेचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली.

अशा बाईच्या मनात जत्रा सलत राहिली यात नवल नाही. ती नगरपालिकेच्या खनपटीलाच बसली. जत्रेच्या रविवारी उघडल्यापासून दोन तास संगीत बंद, लुकलुकणारे दिवे बंद, भोंगे बंद. ज्यांना गोंगाट सोसत नाही त्यांनी तेव्हा यावं. इतकी वर्षं ज्यांना भिंतीमागे बसावं लागलं त्यांना दोन तास द्या, एवढंच तिचं म्हणणं. पाळणेवाले तयार झाले, नेमबाजीवाले तयार झाले. घोडं अडलं ते टकरीच्या गाड्यांच्या कोबुसपाशी.

"बिनआवाजाच्या टकरीच्या गाड्या?" कोबुस म्हणाला. "मॅडम, बिनमिठाचं सूप प्यायलंय का कधी? फेरी संपली हे लोकांना कळणार कसं? भोंगा वाजतो म्हणून उतरतात. नाहीतर बसून राहतील पोरंटोरं स्वतःची लग्नं लागेपर्यंत."

"हिरवं फडकं हलवा."

"फडकं! माझा बाप वरून बघत असेल तर खाली येईल." पण त्याने फडकं आणलं. फेर्लेने पिच्छा पुरवला की माणूस शेवटी हात टेकतोच.

तो रविवार तिच्या आयुष्यातला फार चांगला दिवस होता, निदान त्याचा पहिला तास तरी. पाळणा नुसता फिरत होता, साखळ्यांची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. एक आजोबा श्रवणयंत्र न काढता नातवाशी बोलत होते. जुळ्या मुलांची एक आई फेर्लेचा हात धरून रडली. फेर्लेला कुणी हात धरलेला आवडत नाही, पण तिने तो धरू दिला. कानांवर चढवायचे मोठे आवाजरोधक तिने गळ्यात अडकवून ठेवले होते आणि उघड्या कानांनी ती जत्रेत हिंडत होती. लहानपणापासून पहिल्यांदाच तिला कळलं की तळलेल्या पिठाचा वास किती छान असतो. आजवर तो वासही गोंगाटात बुडून जायचा.

मग लिंडेनहोफची मंडळी आली आणि त्यांच्यात टून होता.

टून पन्नाशी ओलांडलेला, दाराएवढा रुंद माणूस. तो बोलत नाही. कधीच बोलला नाही. हसला की मात्र सगळं अंग हसतं, आणि लिंडेनहोफमध्ये त्याचा कुणावर राग असा फारसा कधी दिसत नसे. तो सरळ टकरीच्या गाड्यांकडे गेला, लाल गाडीत बसला, फेरी सुरू झाली. गाड्या एकमेकींवर हलकेच आदळत होत्या. फेरी संपली. कोबुसने फडकं हलवलं. सगळे उतरले, टून उतरला नाही. तो कोबुसच्या काचेच्या खोलीकडे बघत बसला होता.

कोबुस भला माणूस. त्याने टूनला आणखी एक फेरी फुकट दिली. ती संपली, फडकं हलवलं, टून जागचा हलला नाही. तिसऱ्या फेरीनंतर बाहेर रांग लागली होती, म्हणून लिंडेनहोफची एक मुलगी त्याचा दंड धरून म्हणाली, "चल रे टून, झालं आता." टून ओरडला. त्याने स्टिअरिंगवर मूठ आपटली, पुन्हा आपटली, आणि मग स्वतःच्या हाताला कडकडून चावला.

"मागे सरा! सगळे मागे सरा!" फेर्ले धावत गेली. ती त्याच्या गाडीशी गुडघ्यांवर बसली आणि तिने आपल्या गळ्यातले आवाजरोधक काढून त्याच्या कानांवर चढवले. त्यांना ती कधी कुणाला हात लावू देत नसे. टूनने ते उपटून फेकून दिले. लोखंडी जमिनीवर पडून त्यांची एक बाजू तुटली.

तिला राग आला नाही. उलट तिचे डोळे भरून आले. बिचाऱ्याला हेही सोसलं नाही, एवढी शांतताही त्याला फार झाली, असं तिला वाटलं. आपणही लहानपणी असंच आईच्या अंगावर बाहुली फेकली होती. हे आपल्याला आतून माहीत आहे, इतर कुणाला नसेल इतकं माहीत आहे, असं तिच्या मनात आलं. चौघांनी मिळून टूनला उतरवलं आणि लिंडेनहोफच्या गाडीत घालून परत नेलं.

सोमवारी दुपारी फेर्लेला फोन आला. टूनची मोठी बहीण रीट बोलत होती. तिला सगळं गाव ओळखत होतं. चपलांच्या कारखान्यात जन्म गेला, लग्न केलं नाही, आई गेल्यापासून टूनचं सगळं तीच बघते, कायद्यानेही त्याची पालक तीच. नुकतंच खुब्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून घरात बसून होती, आणि घरात बसलेली रीट म्हणजे गावाला धोकाच.

"ये जरा माझ्याकडे," रीट म्हणाली. "मला येता येत नाही, नाहीतर मीच आले असते आणि दारात उभी राहून बोलले असते. म्हणजे तुझ्या शेजाऱ्यांनाही ऐकू आलं असतं."

फेर्ले गेली. रीटने खुर्चीतूनच बोटाने दाखवलं, तिथे कॉफी, तिथे सॉसेज भरलेले पाव, घे. जत्रेच्या दिवसांत घरी आलेल्याला न खाऊ घालता भांडायची त्या गावात पद्धत नाही.

"खाल्लंस? आता ऐक. लिंडेनहोफच्या योरिसचा फोन होता. म्हणतो, टूनला जत्रा फार झाली. आता या वर्षी नाही, आणि पुढेही नको. उद्या शेवटच्या संध्याकाळी ते त्याला नेणार होते, मला चालता येत नाही म्हणून. ते रद्द. त्याच्या खोलीचे पडदे पाडलेत. रेडिओ काढून घेतलाय. का, तर फेर्लेने शिकवलंय. आवाज कमी करा, दिवे कमी करा, मागे सरा."

"काही दिवस तसं ठेवलं तर तो शांत..."

"अगं पण त्याला कुठे शांत व्हायचंय?" रीटने कप बशीवर असा ठेवला की फेर्लेने खांदे कानांपर्यंत उचलले. "तो गाडीत कशाची वाट बघत होता, सांग मला. भोंग्याची! भोंगा वाजला की फेरी संपते, मग उतरायचं. असं तो आमच्या बाबांच्या मांडीवर बसायचा तेव्हापासून चालत आलंय. वर्षभर मला विचारत असतो. तोंडाने भोंगा काढतो आणि कॅलेंडरवर थापट्या मारतो. जत्रा म्हणजे त्याला पाळणे नकोत, मिठाई नको. भोंगा! तो तुम्ही काढून घेतलात, आणि वर म्हणता हा उतरत का नाही."

"त्याने हात चावला."

"चावणारच. मला राग आला की मी दात-ओठ खाते, तो हात खातो. तुला राग आला की तू नगरपालिकेत जातेस."

फेर्लेला हसू येत नव्हतं. तिच्या आत काहीतरी ताठ झालं होतं. "हे तुम्हाला वाटतं," ती खिडकीकडे बघत म्हणाली. "घरच्यांना नेहमी वाटतं की त्यांना माहीत आहे. माझी आईसुद्धा सगळ्यांना सांगायची, हिला जत्रा आवडते."

रीटने कप बाजूला सारला.

"खरंय तुझं," ती म्हणाली. "मग माझं ऐकू नकोस. मी त्याची बहीण, माझी चूक होत असेल. तू तर भाषणात सांगतेस ना, की दुसऱ्या कुणाला विचारू नका, ज्याचं त्याला विचारा? मी आले होते त्या भाषणाला. टाळ्यासुद्धा वाजवल्या. तू विचारलंस का टूनला?"

फेर्लेने लोटेला विचारलं होतं, लिहून. इतरांना विचारलं होतं. टूनला नव्हतं. टून बोलत नाही, आणि त्याच्या आत काय चाललंय ते आपल्याला ठाऊकच आहे, असं धरून ती चालली होती. जे तिच्या आईने तिचं केलं, तेच तिने टूनचं केलं होतं, फक्त उलट्या बाजूने. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तोंडात मारल्यासारखी ती बसून राहिली.

"मुक्या माणसाला मुकी जत्रा दाखवलीस पोरी," रीट म्हणाली, पण आता तिचा आवाज उतरला होता. "दुसरा पाव घे. पहिला नुसता कुस्करलायस."

मंगळवारी काम संपताच फेर्ले हाताची माती न धुता लिंडेनहोफला गेली. योरिस दारातच भेटला. तिशीतला, उंच, सगळ्यांचं भलं व्हावं म्हणून धडपडणारा आणि त्यापायी कायम दमलेला माणूस. "बघ, तू सांगितलंस तसं सगळं केलंय," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका आशेने भरलेला होता की फेर्लेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टूनच्या खोलीत भरदिवसा अंधार होता. तो पलंगाच्या कडेला, हात मांडीवर ठेवून, भिंतीकडे तोंड करून बसला होता. शांत होता यात शंका नाही. फेर्लेने आधी पडदे उघडले. मग जमिनीवर बसली, त्याच्यापासून जरा दूर.

"टून," ती म्हणाली. "मला तुला एक विचारायचंय."

टूनने ढुंकूनही पाहिलं नाही. रविवारच्या बाईशी त्याला काही बोलायचं नव्हतं. फेर्लेने जत्रेचे फोटो दाखवले, त्याने नजर वळवली. टकरीच्या गाड्यांचा फोटो दाखवला, त्याने तो उलटा करून ठेवला. आता काय करायचं ते तिला कळत होतं, पण ते तिच्या अगदी जिवावर आलं होतं. ती बाई दुकानात "पिशवी द्या" हेसुद्धा हळू म्हणते. दार उघडं होतं. बाहेर योरिस होता, मंडळी चहाला जमत होती.

फेर्लेने डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि भोंगा काढला. "भोंऽऽऽऽऽ!"

पहिल्यांदा तो चिरकला. जेवणघरात एक कप फुटला. योरिस धावत आला, "काय झालं, कुणाला लागलं?" फेर्लेने त्याला हाताने थांबवलं आणि पुन्हा काढला, पोटातून, लांबलचक. "भोंऽऽऽऽऽऽऽ!"

टून वळला. तिच्याकडे बघत राहिला, तिच्या तोंडाकडे, जणू ते तिथून आलं यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. मग त्याचं सगळं अंग हसायला लागलं. त्याने तोंड उघडलं आणि उत्तर दिलं. तिचा भोंगा काहीच नव्हता. टूनचा भोंगा खिडकीच्या काचांना जाऊन लागला. दोन्ही हात कानांवर दाबून फेर्ले जमिनीवर आडवी व्हायची बाकी राहिली, आणि टून उठला, कपाटातून त्याने कोट काढला, उलटा घातला आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

"विचारलं," फेर्ले योरिसला म्हणाली. "त्याने सांगितलं."

योरिस दाराच्या चौकटीला टेकला. "फेर्ले, आज माझ्याकडे माणूस नाही. आणि काल मीच सगळ्यांना सांगितलंय की तो जाणार नाही. वरच्या साहेबांनाही."

"चूक माझी आहे. मी सांगेन साहेबांना. मी नेते त्याला. रीट पालक आहे, ती हो म्हणते."

"तू? शेवटच्या संध्याकाळी? तुझे कानांवरचे तर तुटले." योरिसने आवाज खाली आणला. "तू पाच मिनिटं टिकणार नाहीस. मग मी तुझ्याकडे बघू का त्याच्याकडे?"

"कापूस आहे," फेर्ले म्हणाली.

लिंडरबेकने त्या संध्याकाळी पाहिलेली वरात अशी होती. चाकांच्या खुर्चीत रीट, मांडीवर पर्स, एखाद्या राणीसारखी. खुर्ची ढकलणारा टून, उलटा कोट, भोंगा चालू. आणि बाजूने भिंतीला घसटत चाललेली फेर्ले, कानांत कापूस, त्यावर लोकरीची टोपी, ऑगस्ट महिन्यात. एकीला चालता येत नाही, एकाला बोलता येत नाही, एकीला ऐकवत नाही. "तिघांत मिळून एक धड माणूस," रीट म्हणाली आणि स्वतःच खो खो हसली.

मैदानाच्या कोपऱ्यावर आल्याबरोबर आवाज अंगावर आला. पाच ठिकाणची पाच गाणी, किंकाळ्या, जनरेटरची घरघर, आणि दिव्यांचा लखलखाट, तोही सूर्य अजून मावळला नसताना. फेर्लेला दात दुखायला लागले. तिच्या बाबतीत ते असंच सुरू होतं, दातांपासून. ती टूनच्या कोटाच्या मागच्या शिवणीकडे बघत चालली. शिवण, शिवण, शिवण.

कोबुस काचेच्या खोलीत भोंग्याच्या बटणाशी बसला होता, टूनला पाहून तो बाहेर आला. "आला का माझा माणूस! रविवारी काय झालं होतं रे तुला?" मग फेर्लेकडे वळून, "मॅडम, एकट्याला नाही बसवणार हां आता. कुणीतरी बरोबर बसा. पुन्हा उतरला नाही तर गर्दीत मला जड जाईल."

"उतरेल तो," रीट म्हणाली. "भोंगा वाजव म्हणजे झालं."

फेर्ले बरोबर बसली. फेरीचं तिला पुढे काही आठवत नव्हतं, फक्त हिसके आठवत होते, आणि टूनचा मोठा ऊबदार खांदा. आणि मग भोंगा वाजला. तो तिच्या टोपीतून, कापसातून, हाडांतून आरपार गेला. टूनने डोळे मिटले होते. तो असा बसला होता जसे लोक चर्चमध्ये बसतात, बसत असत. भोंगा थांबताच तो उठला, गाडीबाहेर पाय टाकला, कडेला जाऊन पुढच्या फेरीच्या रांगेत शहाण्यासारखा उभा राहिला.

"बघितलंस?" रीट ओरडली.

दुसरी फेरी झाली. तिसरीच्या शेवटी भोंगा वाजला तेव्हा फेर्लेला उठता येईना. हातांना मुंग्या आल्या होत्या, समोरचं सगळं पांढरं दिसत होतं. टून तिच्यासाठी थांबला, तिच्या बाहीला त्याने दोनदा ओढलं. कशीबशी ती कडेपर्यंत आली आणि रीटच्या खुर्चीला धरून खाली बसली.

"मला आता होत नाही," ती म्हणाली. हे वाक्य तिने मोठी झाल्यापासून गावात कुणासमोर उच्चारलं नव्हतं. "आणि त्याला अजून हवंय."

"मग तू जा घरी."

"त्याच्याबरोबर कोण बसेल?"

"अगं, सगळं तूच करायचं असं कुणी सांगितलंय तुला? गावात काय माणसं मेलीत?" रीटने मान वळवली आणि कारखान्याच्या भोंग्यावर मात करून कमावलेल्या आवाजात हाक मारली, "योरिस! लपू नकोस तिकडे, दिसतोयस!"

योरिस खरंच वॅफलच्या दुकानाआड उभा होता. कामावरून सुटून आला होता, लांबूनच बघायला. तो ओशाळवाणा होऊन पुढे आला. "मी म्हटलं, बघावं सगळं ठीक आहे ना."

"बस त्याच्याबरोबर," फेर्ले म्हणाली.

"आणि त्याने हात चावला तर? काय करू ते सांग. लक्षात ठेवतो मी." तो खरंच लक्षात ठेवणार होता, ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. फेर्लेच्या तोंडावर जुनं उत्तर येऊन ठेपलं होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "त्याच्याकडे बघ आणि त्याला विचार."

टूनने योरिसचा हात धरला आणि त्याला लाल गाडीकडे ओढत नेलं. फेर्लेला निरोप वगैरे काही मिळाला नाही. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

ती चर्चला वळसा घालून, गर्दीच्या कडेकडेने, कालव्याच्या पुलापर्यंत गेली. तिथे पाण्यावर बदकं होती आणि हवेला गवताचा वास होता. कठड्याला टेकून ती उभी राहिली. हळूहळू दातांचं दुखणं ओसरलं. जत्रा इथून एवढीशी ऐकू येत होती, सोसण्याइतकी. मधूनच भोंगा यायचा, बारीक होऊन. आता उतरला असेल, ती म्हणायची. आता रांगेत. आता बसला. घरी जायचं सोडून ती पुढच्या भोंग्याची वाट बघत राहिली, आणि तो आला की तिला बरं वाटे.

दिवस मावळला. मग एक भोंगा वाजला तो थांबेचना. कोबुस कधी असा वाजवत नसे, त्याचा भोंगा आखूड, कामापुरता. हा चालूच राहिला. पाळण्यावरच्या किंकाळ्या थांबल्या, गाणी एकेक करून बंद पडली, बदकं उडाली. पुलावरून जाणारा एक सायकलवाला उतरून म्हणाला, "कुणाचा हात अडकलाय की काय त्या बटणावर?"

"टूनचा," फेर्ले म्हणाली. दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, भोंगा थांबेपर्यंत ती तिथेच हसत उभी होती.